पाठकोरे कागद

दादाचे कागद नागपूरच्या एका संस्थेला द्यायचे, हे मला न विचारता ठरलं. दादाने जिवंतपणीच त्यांना तसं लिहून दिलं होतं. तो गेल्यावर त्याच्या मुलीने पुण्याहून होकार कळवला, आणि मला सगळ्यात शेवटी सांगण्यात आलं. तेही एवढ्यासाठी, की कागद माझ्या राइस मिलच्या माडीवर पडले होते आणि टेम्पो माझा होता.

"काका, तुम्ही तेवढं पोचवून द्याल ना?" पोरगी फोनवर म्हणाली.

पोचवून द्याल ना! घरात माझ्याकडे आलेली कामं बहुतेक अशीच आली. आधी ठरतं आणि मग मी उचलतो.

दादा माझ्याहून मोठा. भंडाऱ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा. घरातून एकालाच शिकवणं जमणार होतं आणि तो हुशार होता, म्हणून तो शिकला. मी सातवीनंतर अड्याळच्या एका मिलमध्ये कट्टे, म्हणजे धानाची पोती, उचलायला लागलो. पुढे हमालांचा मुकादम झालो, मग धानाची दलाली केली, मग तीच मिल चालवायला घेतली आणि मालकाची पोरं शहरात गेल्यावर विकतही घेतली. यात मला कुणी हात दिला नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायको आता वाक्य माझ्या आधी पुरं करते.

दादाने आयुष्यभर एकाच माणसावर काम केलं. तो इंग्रजांच्या नोकरीतला एक हिंदी अधिकारी होता. उमेदवारीची काही वर्षं तो भंडाऱ्याला होता, इथल्या तलावांच्या पाणीवाटपाचे तंटे सोडवायचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला इराणात वकिलातीवर पाठवलं. तिकडे रेल्वे रणगाडे वाहण्यात गुंतलेली, शहरात पीठ मिळेना. या माणसाने इंग्रजांशी, रशियनांशी आणि तिथल्या जमीनदारांशी बोलून धान्याच्या काही गाड्या सोडवून घेतल्या आणि लगेच त्याची बदली झाली. का झाली, हे दादाला शोधायचं होतं. त्यासाठी तो दिल्लीला गेला, कलकत्त्याला गेला, परदेशात पत्रं लिहिली. पुस्तक मात्र लिहिलं नाही. विचारलं की म्हणायचा, "अजून एक कागद यायचा हाये." तो एक कागद कधी आला नाही.

आमच्या घरात त्या अधिकाऱ्याला 'सायब' म्हणत. निवृत्तीनंतर, वहिनी गेल्यावर, दादा माझ्याकडे राहायला आला. मी मिलच्या ऑफिसवरची माडी त्याला दिली. खाली धान भरडलं जायचं, वर दादा लिहायचा. जेवायला हाक मारली तरी यायचा नाही. बायको ताट झाकून ठेवायची आणि मला म्हणायची, "तुमचे भाऊ नाई येत. त्यायचा सायब उपाशी हाये म्हणते. त्यायले बी एक ताट वाढू का?"

दादाला लिहायला कोरा कागद चालायचा नाही. मी एकदा भंडाऱ्याहून चांगल्या कागदाचे दोन गठ्ठे आणून दिले. त्याने ते तसेच ठेवले. म्हणाला, "कोऱ्या कागदावर मले भेव वाटते रे. मांगं काई छापलेलं असलं का हात मोकळा चालते." मग तो मिलच्या जुन्या धान जमा पावत्यांवर लिहायला लागला. पावती एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी. जुनी पावतीबुकं माझ्याकडे पोत्यांनी होती. तो एकेक बुक उसवायचा आणि मागच्या बाजूवर बारीक अक्षरात लिहीत जायचा. साहेबाने कोणत्या दिवशी कुणाला काय सांगितलं, कुठल्या पत्रातली कोणती ओळ खोटी वाटते, स्वतःचं मत आधी काय होतं आणि आता काय झालं, सगळं त्या पाठकोऱ्या कागदांवर. मग बंडल बांधायचा. बांधताना पावतीची बाजू वर ठेवायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "कोंडा उडते ना बे इथं. धूळ बसाची तं तुह्या बाजूवर बसू दे."

हे तो हसत म्हणाला होता. मीही हसलो होतो. पण दुसरं एक बोलणं झालं, ते मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. एका दुपारी लाइट गेली होती, मिल बंद होती, मी वर जाऊन बसलो. तो लिहीत होता. मी सहज विचारलं, "दादा, पलटवून पायतं का कधी? तिकडच्या बाजूले काय हाये ते?"

"पावती हाये तुही."

"वाचली का एखादी?"

चष्म्यावरून माझ्याकडे बघत तो म्हणाला, "तिच्यात वाचासारखं काय हाये?"

त्याला खरंच कळत नव्हतं. टोमणा असता तर मी दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. त्या पावत्यांत माझी सगळी उमर होती. कोण कुठून बैलगाडीने धान घेऊन आला, कुणाचं ओलं निघालं, कुणाशी अर्धा दिवस भांडून मी भाव पाडला आणि संध्याकाळी त्यालाच घरी जेवायला बसवलं. त्याने हजारो पावत्या हातात धरल्या आणि एकही वाचली नाही. मी त्या दिवसापासून माडीवर कमी जायला लागलो. तो गेला तेव्हाही हे माझ्या मनात होतं. आजही आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण तो माझ्या हातात नाही.

तर कागद. दादामागे चार लोखंडी पेट्या होत्या आणि पोत्यांत भरलेली बंडलं. पेट्यांत दिल्ली-कलकत्त्याच्या कागदांच्या झेरॉक्स, फोटो, टाइप केलेले उतारे. त्याने स्वतः लिहिलेलं सगळं बंडलांत. म्हणजे पेट्यांतलं दुसरीकडे कुठेतरी होतंच, कुणीही जाऊन पुन्हा आणू शकला असता. दादाच्या डोक्यातलं मात्र फक्त बंडलांत होतं. पुस्तक झालं नव्हतं, त्यामुळे तो इतकी वर्षं काय करत होता याचा दुसरा पुरावा जगात नव्हता. बंडलं गेली तर एक मास्तर झेरॉक्स जमवत होता, एवढंच उरणार होतं. हे मला चांगलं कळत होतं. माझा राग होता, तरी हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

टेम्पो भरून मी स्वतः नागपूरला गेलो. संस्थेत दोघे होते. एक प्रमुख, इस्त्रीचा शर्ट, घाई असलेला माणूस. दुसऱ्या तिथल्या बाई, कागद लावून ठेवण्याचं काम त्यांच्याकडे. वयाने चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पेट्या उघडल्या तेव्हा प्रमुख खूश झाले. झेरॉक्सवरचे शिक्के बघून "वा, वा" करत होते. मग पोत्यांकडे वळले. एका पोत्याचं तोंड सोडलं, वरचं बंडल काढलं, दोरी न सोडता वरची पावती पाहिली. दुसऱ्या पोत्यातलं पाहिलं. तिथेही पावती. तिसऱ्या पोत्याचं तोंडही सोडलं नाही.

"हे घरगुती हिशेब दिसतात," ते म्हणाले. "हे आम्हाला नकोत. जागेची अडचण आहे हो. पेट्या ठेवून घेतो, हे तुम्ही परत न्या."

आमच्या धंद्यात माल बघायची एक रीत आहे. पोत्याच्या वरचं मूठभर बघून कुणी भाव करत नाही. लोखंडाची टोकदार नळी असते, परखी म्हणतात तिला. ती पोत्यात आतपर्यंत खुपसायची, तळातलं धान बाहेर काढायचं, तळहातावर चोळायचं, दाताखाली फोडायचं. वरचं बघून निघून जाणारं गिऱ्हाईक आमच्याकडे एक तर नवं असतं, नाहीतर त्याला माल घ्यायचाच नसतो. हा एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला एक कागद उलटवावासा वाटला नाही.

मी तो उलटवून दाखवू शकत होतो. एका हाताचं काम होतं. बायकोने, पोरीने, सगळ्यांनी नंतर मला हेच विचारलं. पण त्या खोलीत माझं डोकं फिरलं होतं. घरगुती म्हणे! आणि शिवाय मला काय म्हणावं लागलं असतं? हेच, की साहेब, पावतीकडे बघू नका, तिच्यात काही नाही, खरा माल मागच्या बाजूला आहे. दादाने मला जे सुनावलं होतं तेच मी माझ्या तोंडाने, परक्या माणसासमोर म्हणायचं. ते मला जमलं नाही.

मग मी जे जन्मभर केलं तेच केलं. सौद्यात आपली गरज दाखवायची नाही आणि कारण सांगायचं नाही. मी म्हटलं, "ढीग उचलायचा तर सगळा उचला. निवडून माल मिळणार नाही."

"अहो, हा काय बाजार आहे का?" प्रमुख म्हणाले.

"बाजारात निदान पोत्यात हात घालतात."

"तुम्ही आवाज चढवू नका."

"मी अजून चढवला नाही."

बाई मध्ये काही बोलू पाहत होत्या. मी ऐकलं नाही. ड्रायव्हरला हाक मारली आणि पोती तर सोडाच, पेट्यासुद्धा परत टेम्पोत चढवायला लावल्या. हे करताना मी घाई करत नव्हतो. दोर नीट बांधायला लावला, पुन्हा सोडून बांधायला लावला. सौदा तुटल्यावर उठायचं, पण हळू उठायचं. दाराशी पोचायच्या आत, नाहीतर गाडी चालू झाल्यावर, मागून हाक येते. मी किती सौदे असे जिंकले त्याला गणती नाही. हाक येणार याची मला एवढी खात्री होती की फाटकातून निघताना मी आरशात बघत होतो.

हाक आली नाही.

मग वाटलं, फोन येईल. नंबर त्यांच्याकडे होता. परतीच्या वाटेवर मौद्याच्या पुढे एका टपरीवर मी टेम्पो थांबवला. ड्रायव्हर माझ्याकडे जुना, माझ्याच वयाचा. चहा झाला, पुन्हा चहा झाला. मी फोन टेबलावर उताणा ठेवून बसलो होतो.

"सेठ, कोनाची वाट पाहून राहिले?"

"कोनाची नाई. चहा पी."

"मी तं पेलो दोनदा. तुमचाच थंडा होऊन राहिला."

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "सरकारी लोकं मांगून आवाज नाई देत सेठ. त्यायले काय, आपला माल नाई भेटला तरी पगार भेटते."

मी त्याला गाडी काढायला सांगितलं. माझ्या धंद्याची सगळी अक्कल त्या एका वाक्यापुढे फुकट गेली होती. ज्याला नफा नाही आणि तोटाही नाही, त्याच्याशी सौदा होत नाही. हे मला इतक्या वर्षांत कधी शिकावं लागलं नव्हतं, कारण माझी गाठ कायम घेणाऱ्यांशी पडली.

पेट्या आणि पोती पुन्हा माडीवर चढली. बायकोने खालून पाहिलं. "वापस आनले?"

"हो."

"काहून?"

"त्यायले किंमत नाई."

"तुम्ही सांगतली का त्यायले किंमत? का नुसतेच बोंबलले?"

ती ताट वाढायला गेली.

पोरीचा फोन रात्री आला. तिला संस्थेकडून कळलं होतं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, "काका, पेट्या तरी द्यायच्या होत्या. बाबांचं काहीतरी राहिलं असतं." तिनेही बंडलं कधी पाहिली नव्हती. तिला मी सांगितलं, पेट्यांत तुझा बाप नाही. ती म्हणाली, "मग हे त्यांना कोण सांगणार? मला तर तुम्ही आत्ता सांगताय."

त्यानंतर धान निघायचा हंगाम आला. मिल दिवसभर चालायची. वर कोंडा उडत होता आणि तो पावत्यांवर बसत होता. मी रोज ठरवायचो की आज माडी बंद करून टाकू, ज्याचं त्याच्याबरोबर गेलं. एकदा वर गेलो तेव्हा एका पोत्याचा तळ उंदरांनी कुरतडला होता. कापलेल्या कागदाचा भुगा फरशीवर पडला होता. भुग्यात कुठली बाजू कुठली ते ओळखू येत नव्हतं. मी पोतं बदललं, कडुलिंबाचा पाला टाकला आणि खाली येऊन त्या बाईंना फोन लावला. उठून गेलेल्या विकणाऱ्याने स्वतः फोन करायचा, असं मी जन्मात केलं नव्हतं. फोन वाजत होता तोवर दोनदा कापावासा वाटला.

"मी अड्याळहून बोलतोय. राइस मिल. तुम्ही ओळखलं का?"

"ओळखलं ना," बाई म्हणाल्या. "मी वाटच बघत होते."

"वाट बघत होता तर फोन का नाही केला?"

"आम्हाला करता येत नाही हो. देणाऱ्याने एकदा परत नेलं की आम्ही मागे लागायचं नाही, असा नियम आहे. देणाऱ्यावर दबाव येतो म्हणतात."

मी डोक्याला हात लावला. आम्ही दोघं एकमेकांच्या हाकेची वाट बघत हंगामभर बसलो होतो.

"बाई," मी म्हटलं, "त्या पावत्या उलटून बघा. मागच्या बाजूला दादाने लिहिलंय. सगळं त्याच्यातच आहे. पुढं काही नाही."

म्हणून टाकलं. आजूबाजूला कामावरचे लोक होते. कुणी ऐकलं नसेल, मिल चालू होती.

आठवड्याभरात बाई बसने आल्या. प्रमुखांना त्यांनी काय सांगून राजी केलं ते मी विचारलं नाही. माडीवर सतरंजी घातली. त्यांनी एक बंडल सोडलं, पावती उलटवली आणि वाचायला लागल्या. बायकोने चहा आणला, तो निवला. बाई कागदामागून कागद उलटत होत्या. मध्येच हसल्या. दादाने कुठल्याशा इंग्रज अधिकाऱ्याबद्दल लिहिलं होतं, "हा माणूस खोटं बोलताना तारीख नीट लिहितो."

"पाहा," बायको आपल्या या थोरल्या दिराबद्दल म्हणाली, "भासरे घरात एवढे मजेचे कधी बोलले नाईत."

बाईंनी सांगितलं की सगळं घेतील. पेट्या, बंडलं, सगळं एकत्र, दादाच्या नावाने. मी मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता. सौदा माझ्या शर्तीवर झाला होता. पण मला फक्त बसून राहावंसं वाटत होतं. खाली मिल थांबली होती आणि पाठ दुखत होती.

मग बाईंनी पिशवीतून शिसपेन्सिल काढली. म्हणाल्या, पहिलं बंडल इथेच लावून घेते, म्हणजे नेताना क्रम बिघडणार नाही. पहिला कागद त्यांनी हातात धरला, एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला आणि थांबल्या.

"एक विचारू? यातली पुढची बाजू कोणती धरायची?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे प्रत्येक कागदाला आकडा पडतो. तो मागच्या बाजूला, कोपऱ्यात घालतात. पुढच्या बाजूला हात लावत नाहीत. पुढे कुणी अभ्यासाला मागितला तर आधी पुढची बाजू दाखवतात. फोटोही तिचाच काढतात." त्यांनी पावतीवर बोट ठेवलं. "एरवी विचारावं लागत नाही. पण इथे दोन्हीकडे लिहिलेलं आहे. आणि हे हस्ताक्षर तुमचं ना?"

माझंच होतं. दिघोरीकडच्या एका शेतकऱ्याची पावती होती. धान ओलं म्हणून मी त्याच्यावर ओरडलो होतो, तो माझ्यावर ओरडला होता, आणि शेवटी त्यानेच ते अंगणात वाळवून पुन्हा भरून दिलं होतं. त्याचा चेहरा मला आठवला. बाई थांबून होत्या. त्यांनी मला खरंच विचारलं होतं. मी जे सांगितलं असतं ते त्यांनी लिहून घेतलं असतं. असा क्षण सौद्यात एकदाच येतो, समोरचा गरजू आणि हो म्हणायच्या बेतात. अशा वेळी मी आजवर काही ना काही मागितल्याशिवाय राहिलो नव्हतो.

"पावतीची बाजू मागची," मी म्हटलं.

"नक्की?"

"घाला आकडा."

त्यांनी माझ्या मिलच्या छापील नावाखाली, जिथे थोडी जागा होती तिथे, हलक्या हाताने एकचा आकडा घातला. मी पुढचा कागद त्यांच्याकडे सरकवला, पावती खाली करून.